रोजचाच शनिवार

"पगारे!"

पांढरा कोट घातलेल्या मुलीनं यादीतून नाव वाचलं, आणि लॅबच्या बाकांवरून दोन माणसं एकदम उठली. डाव्या कोपऱ्यातून साधना. उजवीकडच्या खांबाआडून धम्मपाल.

दोघं नवरा-बायको. लग्नाला चौतीस वर्षं झालेली. आणि नोव्हेंबरातल्या त्या गारठलेल्या सकाळी, पावणेआठ वाजता, नाशिकच्या कॉलेज रोडवर एकमेकांना बघून दोघांचे चेहरे असे पडले, की बाकी पेशंटसुद्धा मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागले.

"तुम्ही? तुम्ही तर बँकेत गेला होतात ना, हयातीचा दाखला द्यायला?"

"आणि तू शेजारच्या पल्लवीबरोबर योगासनांना गेली होतीस..."

"मी आधी विचारलंय."

"बँक दहाला उघडते," धम्मपाल खाली बघत म्हणाला. "म्हटलं, तोवर जरा..."

"तोवर जरा रक्त देऊन येऊ?"

कोटवाली मुलगी हसू दाबत होती. "आधी कोण येतंय? पगारे डी. की पगारे एस.?"

"यांचं आधी घ्या," साधना म्हणाली. "नाहीतर पळून जातील."

साठ वर्षांच्या साधनाला आयुष्यात एवढा वैताग कधी आला नव्हता, जेवढा गेल्या दीड वर्षात आला होता. तीस वर्षं तिनं पेठच्या बाजूच्या पाड्यांवर शिक्षिकेची नोकरी केली. भाड्याच्या एका खोलीत राहिली. धम्मपाल रेल्वेत, इगतपुरीला. घाटातल्या रुळांची तपासणी करत रोज मैलोन् मैल चालायचा आणि क्वार्टरमध्ये एकटाच राहायचा. नाशिकला जेल रोडवर घर बांधलं, तिथं सासूबाईंनी लेकीला, चैतालीला वाढवलं. नवरा-बायकोची गाठ पडायची ती शनिवारी दुपारी. सोमवारी पहाटे साधना पेठच्या बसमध्ये आणि धम्मपाल इगतपुरीच्या गाडीत. असं वर्षानुवर्षं चाललं. सासूबाई गेल्या, चैताली लग्न होऊन पुण्याला गेली, धम्मपाल रिटायर झाला, मग साधनाही झाली.

आणि दोघं पहिल्यांदाच एका छपराखाली, आठवड्याचे सातही दिवस राहायला लागले. तेव्हा साधनाच्या लक्षात आलं, की या माणसाला आपण फारसं ओळखतच नाही.

आता तो माणूस कोपराशी कापूस दाबून तिच्यासमोर उभा होता.

"काका, काकू, नाश्ता करून घ्या," मुलगी म्हणाली. "बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त द्यायला या. मधे काही खाऊ नका."

दोन तास! जेल रोडला जाऊन परत यायचं म्हटलं तर त्यातच वेळ जाणार. बाहेर आल्यावर दोघं स्कूटरजवळ नुसतेच उभे राहिले.

"कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

"काय?"

"शुगर. उगाच वेड पांघरू नका."

"आठ महिने झाले."

"आठ महिने! आणि गोळ्या?"

"घेतो ना. दाढीच्या सामानात असतात."

साधनानं कपाळाला हात लावला. आठ महिने ती रोज ते दाढीचं सामान पुसून जागेवर ठेवत होती. "मला का नाही सांगितलंत?"

"तू तीस वर्षं पाड्यावरची पोरं सांभाळलीस, सुट्टीत आईचं केलंस. आता कुठं घरी आलीस, तर लगेच माझं दुखणं तुझ्यापुढं ठेवू?" तो पुटपुटला. मग एकदम उजळून म्हणाला, "मिसळ खाऊ या?"

"शुगर आहे आणि मिसळ?"

"रिपोर्ट खरा यायला पाहिजे की नाही? मग रोजचंच खायला हवं."

"रोजचं?" साधना जागीच थांबली. "रोजचं म्हणजे?"

धम्मपालच्या लक्षात आलं, की आपण नको ते बोलून बसलो. पण आता उशीर झाला होता. पहाटे फिरायला म्हणून टोपी-मफलर घालून निघणारा हा माणूस वर्षभर, आठवड्यातून चारदा, पुलाजवळच्या गाडीवर तर्रीचा रस्सा ओरपत होता. आणि परत येऊन तिच्यासमोर नाचणीची आंबील पीत होता. वर म्हणायचा, "छान झालीय."

"इतकी वर्षं वेगळी राहिले," साधना म्हणाली, "कधी मनात शंका आली नाही हो तुमच्याबद्दल. शाळेतल्या लताबाई म्हणायच्या, पुरुषमाणूस एकटा राहतो, लक्ष ठेव. मी म्हणायचे, आमच्या ह्यांच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं."

"खरंय ते. दुसऱ्या बाईकडं मान वर करून बघितलं नाही मी."

"मिसळीकडे बघितलंत ना!"

तो इतक्या मोकळेपणानं हसला, की शेजारून जाणारी कॉलेजची पोरगी वळून बघायला लागली. साधनाला हसायचं नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटले, आणि तरी एका बाजूनं हसू निसटलंच.

शेवटी एका उडप्याकडे बसून दोघांनी इडली खाल्ली. साधनानं त्याच्यापुढची चटणीची दुसरी वाटी उचलून आपल्याकडे ओढली. नवऱ्याबरोबर आपण आज पहिल्यांदाच हॉटेलात, दोघंच बसलोय, हे चहा पिताना तिच्या लक्षात आलं. आजवर कायम सासूबाई असायच्या, चैताली असायची, कुणाचं तरी लग्न असायचं. तो बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. कानावरचे केस पांढरे झाले होते, आणि मफलर उलटा गुंडाळला होता. ती उगाचच खिडकीबाहेर बघायला लागली.

"आणि तुझं काय?" त्यानं हळूच विचारलं. "तू का आलीस लॅबमध्ये?"

"असंच. तपासून घ्यावं म्हटलं."

त्यानं बशीतला चहा संपवला. पण दोन तासांनी लॅबमध्ये परतल्यावर कोटवाल्या मुलीनं कागद पुढं केला. "काकू, तुमच्या फिटनेस सर्टिफिकेटच्या फॉर्मवर संस्थेचं नाव नीट वाचता येत नाहीये. मुलींचं वसतिगृह, पेठ... एवढं कळलं. आणि हजर व्हायची तारीख एक डिसेंबर, बरोबर?"

साधनानं धम्मपालकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. 

स्कूटरवरून घरी येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. एरवी तो सिग्नलवर उभ्या प्रत्येक रिक्षावाल्याला सल्ले द्यायचा.

दुपारी ती मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसली. तो आला आणि खालच्या पायरीवर टेकला.

"कधी सांगणार होतीस?"

"सांगणारच होते."

"कधी? बस सावळघाट चढल्यावर?"

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. त्या संस्थेनं दिवाळीतच विचारलं होतं. वसतिगृहात चाळीस मुली, त्यांना वॉर्डन हवी होती, आणि साधनाबाईंना तिथली बोली येत होती. तिनं आठ दिवस विचार करून हो म्हटलं होतं.

"का जातेस?" धम्मपालनं विचारलं. दीड वर्षात त्यानं पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला होता, ज्याच्या शेपटाला सल्ला लटकलेला नव्हता.

मग मात्र साधनाचा बांध फुटला. "पहाटे चारला उठता. उठा हो, पण भांडी आपटता. मी पंखा लावला की बंद करता. पेपर वाचायला घेतला की त्यातल्या बातम्या मलाच वाचून दाखवता. दारावरच्या भाजीवालीशी मी भाव करते, तर मागून येऊन तिला म्हणता, जाऊ दे ताई, घ्या तुमच्या मनाप्रमाणे. आणि रोज... रोज भाजी फोडणीला टाकली की मागं उभं राहून विचारता, मीठ घातलंस का? तीस वर्षं एकटीनं रांधून खाल्लंय मी! मीठ विसरले असते तर मेले असते का जगले असते?"

तो शांतपणे ऐकत होता. "अजून?"

"एवढं पुरे नाही?"

"नाही, लिहून घ्यावं म्हटलं."

"बघा! हे असं! माणसाला धड भांडताही येत नाही तुमच्याशी..."

त्यानं जुडीतून एक काडी ओढून घेतली. मग म्हणाला, "साधना, एक सांगू? इगतपुरीला मी शुक्रवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचो. शनिवारी सकाळी दाढी. गाडीत बसलो की मनातल्या मनात ठरवायचो, आज साधनाशी काय काय बोलायचं. सहा दिवसांचं साठलेलं असायचं. कुठं बोगद्यात मोर दिसला, कोण मुकादमाशी भांडलं... दीड दिवस पुरायचा नाही गं. सोमवारी तुझी बस सुटली की आठवायचं, अरे, ते राहिलंच सांगायचं." त्यानं एक पान उचलून पाटीत टाकलं. "आता रोजचाच शनिवार आहे. साठवायला वेळच मिळत नाही. काय बोलावं कळत नाही. मग... मीठ विचारतो."

 साधनाला या माणसाचा भयंकर राग यायला हवा होता. आणि तो येतच नव्हता.

"हे... हे आधी बोलता येत नव्हतं?"

"आधी तू विचारलं नव्हतंस."

तिनं मेथीची अख्खी जुडी त्याच्या मांडीत टाकली. "निवडा. आणि देठं नका ठेवू."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन दोघं कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई चैतालीच्याच वयाच्या. धम्मपालची शुगर थोडी वर होती. गोळी तीच ठेवून त्यांनी मिसळीवर काट मारली. मग साधनाचा कागद उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रक्त कमी होतं. बीपी चांगलंच चढलेलं.

"चक्कर येते का, काकू?"

"नाही हो. कुठं?"

"येते," धम्मपाल म्हणाला. "गेल्या मंगळवारी न्हाणीघरात आली. हिच्या दंडाला केवढा तरी काळा डाग पडलाय. मला म्हणाली, कपाटाचा कोपरा लागला. आमच्या घरात तेवढ्या उंचीला कपाटाचा कोपरा नाहीच."

साधना गर्रकन त्याच्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं रूळ तपासलेत मी, मॅडम. बारीक चीर असली तरी दिसते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दोघं किती वर्षांपासून एकमेकांपासून आजार लपवताय?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. साधनाला पाड्यावर टायफॉइड झाला, तेव्हा तो बरा झाल्यावर तिनं सांगितला होता. धम्मपालच्या पायावर रुळाखालचा स्लीपर पडला, तेव्हा त्यानं तीन शनिवार ड्युटीचं कारण सांगून टाळले होते. दुसऱ्याला काळजी नको. येऊन तरी काय करणार, एवढ्या लांबून?

"तीन महिने औषध, आराम, आणि रोज सपाट रस्त्यावर चालणं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर फिटनेस मी देणार नाही. आणि काही दुखलं-खुपलं तर आधी एकमेकांना सांगायचं, मग मला."

"मी स्वतः पेठला जाऊन सांगून येते," साधना घरी आल्यावर म्हणाली. "फोनवर नको. लोक चांगले आहेत."

"मी येतो."

"तुम्ही कशाला?"

"बायको तीस वर्षं जिथं राहिली ते गाव एकदाच बघितलंय मी. तेही पावसात आणि धुक्यात. म्हणजे काही बघितलंच नाही."

गुरुवारी दोघं सकाळच्या बसनं निघाले. डोंगरावर नागलीची, म्हणजे नाचणीची, काढणी झाली होती, खळ्यांवर पेंढ्या रचलेल्या. धम्मपाल खिडकीशी बसून प्रत्येक वळणावर विचारत होता, "ही शाळा तुझी? तो ओढा तू ओलांडायचीस? एवढं चालायचीस?" आणि साधना उत्तरं देता देता वैतागून म्हणाली, "सगळं आजच विचारणार का?" पण सांगत मात्र राहिली.

संस्थेत जायला वेळ होता, म्हणून ती त्याला आपल्या जुन्या खोलीवर घेऊन गेली. घरमालकीण सरुबाई अंगणात नागली पाखडत होती. साधनाला बघताच सूप टाकून धावत आली.

"बाई! आन् हे तुमचं मालक का? लय ऐकलंय बाबा तुमच्याबद्दल."

"वाईटच ऐकलं असेल," धम्मपाल म्हणाला.

"नाय वं! बाई कवा कुनाला नावं ठेवायच्या नायत. आन् शुक्रवार आला का मला कळायचं. डोक्याला शिकेकाई लावायच्या. भर पावसात सुदीक! मी म्हनायची, बाई, सर्दी व्हईल, उन्हाचा पत्ता नाय, केस कवा सुकायचे? तर चुलीपुढं बसून केस वाळवायच्या. म्हनायच्या, उद्या घरी जायाचं हाय."

"सरुबाई, पुरे," साधना म्हणाली. तिचे कान तापले होते.

धम्मपाल मात्र तिच्याकडे टक लावून बघत होता. एखादी नवीच बाई समोर आल्यासारखा. "तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? केस धुतले म्हणून?"

सरुबाईनं दोघांना नागलीची भाकरी आणि उडदाचं घुटं वाढलं. धम्मपालनं दुसरी भाकरी मागून घेतली आणि या वेळी खरंच आवडीनं खाल्ली, हे साधनाला लगेच ओळखू आलं. खाऊन झाल्यावर हात धुताना त्यानं सहज विचारलं, "सरुबाई, ही खोली सध्या रिकामी आहे का हो?"

"हाय ना. बाई परत येनार का ऱ्हायला?"

"बाईंना वसतिगृहातच राहावं लागेल, तीन महिन्यांनी आल्या की. मला हवीय खोली."

साधनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुम्हाला? कशाला?"

"मुलींच्या वसतिगृहात मला कोण राहू देणार? मी इथं राहीन. तुला सुट्टी असेल तेव्हा तू ये इकडं." तो पंच्याला हात पुसत राहिला. "तुला जायचंय तर जा, साधना. मी अडवणार नाही. फक्त, आता पुन्हा पन्नास किलोमीटरवरून नाही जमणार मला. तुला चक्कर आलेली मला शनिवारी कळायला नको."

साधनानं तांब्या सरुबाईच्या हातात दिला. संस्थेकडे जाणारा चढ दोघं चढायला लागले. अर्ध्या वाटेत धम्मपालला दम लागला. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि "डोंगर बघतोय," असं म्हणाला.

"बघा, बघा," ती म्हणाली. "या चढावर येऊन राहणार म्हणे! गुडघे बघा आधी."

संस्थेचे भारत सर अजून तिशीतले. वॉर्डन येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. साधना खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "तीन महिन्यांनीही राहायला नाही येणार मी, सर. पण डॉक्टरांनी हो म्हटलं, की दर गुरुवारी येईन. ज्या मुलींना अजून नीट वाचता येत नाही, त्यांना माझ्याकडे बसवा. संध्याकाळच्या बसनं मी परत जाणार."

"पण बाई, तुम्ही तर कायमचं यायचं म्हणत होतात..."

"म्हणत होते," साधना म्हणाली. "तेव्हा एक गोष्ट मला माहीत नव्हती."

कोणती, ते सरांनी विचारलं नाही. धम्मपालनं बाहेर आल्या आल्या विचारलं.

बस यायला अवकाश होता. थांब्यापाशी पिंपळाखालच्या पारावर दोघं बसले. उन्हं कलली होती, गारठा पुन्हा पडायला लागला होता. त्याचा मफलर पुन्हा उलटा गुंडाळलेला. तिनं तो सोडला, झटकला, नीट बांधून दिला.

"कोणती गोष्ट?" त्यानं पुन्हा विचारलं.

"तुम्हाला एकदा विचारून कळत नाही का?"

"नाही कळत. दीड वर्ष झालं, अजून शिकतोय."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुमचा मला फार वैताग येतो."

"माहीत आहे."

"पूर्ण ऐका. मधे बोलू नका. तुम्ही समोर असलात की वैताग येतो. आणि तुम्ही नसलात की काय होतं, ते मी त्या खोलीत तीस वर्षं बघितलंय. कळलं मात्र आज. त्याच्यापेक्षा..." ती थांबली. शाळेत शेकडो मुलांसमोर न अडखळलेली बाई आता पुरती अडखळली. "त्याच्यापेक्षा वैताग परवडला."

 धम्मपालनं तिचा हात हातात घेतला. भर रस्त्यात, दिवसाउजेडी, समोर शेंगदाणेवाली बसलेली असताना.

"लोक बघतायत," साधना म्हणाली.

"बघू देत."

"बांगडी रुततेय."

त्यानं बांगडी हळूच वर सरकवली आणि हात पुन्हा धरला.